९०० अबिसल डिमन (राक्षस) मारले तरी व्हिप (चाबकाचं हत्यार) पडत नाही. ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम फसवतोय का?

फसवत नाहीये. नशीब खराब आहे, पण तुम्हाला वाटतंय तेवढं नाही.

अबिसल व्हिप पडण्याचा रेट दर किलला १/५१२. म्हणजे ५१२ मारले की एक ठरलेला, असं धरून बसलं की डोकं फिरतं. प्रत्येक किलला फासे नव्याने पडतात, मागचे किती कोरडे गेले त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. ५१२ किलनंतरही ३७ टक्के लोक रिकाम्या हाताने असतात. ९०० ला १७ टक्के, म्हणजे साधारण सहातला एक. १५३६ ला ५ टक्के. तिथे पोहोचलात तर खुशाल चिडा.

अकाउंट आयर्नमॅन (इतर खेळाडूंशी व्यापार न करता खेळायचा प्रकार) नसेल तर मात्र हा हट्टच सोडा. ग्रँड एक्सचेंजवर (गेममधला खेळाडूंचा बाजार) व्हिप सरळ विकत मिळतो, लावायला अटॅक लेव्हल ७० लागते.

आयर्नमॅन असाल तर रेट हलत नाही, तासाला किल वाढवणं एवढंच हातात आहे. स्लेयर टॉवरमध्ये एका वेळी एकच डिमन अंगावर येतो. कोरेंडच्या कॅटाकॉम्ब्समध्ये मल्टी आहे, म्हणजे एकाच वेळी अनेकांशी लढता येतं, तिथे आइस बर्स्ट हा मंत्र (मॅजिक लेव्हल ७०) ३ बाय ३ चौकोनातल्या सगळ्यांना एकदम लागतो. प्रोटेक्ट फ्रॉम मेली ही जवळच्या हल्ल्यापासून वाचवणारी प्रार्थना चालू ठेवा. हे डिमन मध्येच टेलिपोर्ट होतात आणि जमवलेला ढीग फुटतो, तेव्हा दोन पावलं सरकून पुन्हा गोळा करायचे. रून (मंत्रासाठी खर्च होणारे दगड) परवडत नसतील तर आर्कलाइट तलवार घ्या, डिमनवर अचूकता आणि डॅमेज दोन्ही ७० टक्क्यांनी वाढतात. टास्कवर (ठरावीक संख्येने राक्षस मारायचं नेमून दिलेलं काम) स्लेयर हेल्मेट विसरू नका.

टास्क देणारा स्लेयर मास्टर ड्युराडेल एका टास्कला १३० ते २०० डिमन देतो. १०० स्लेयर पॉइंट्स देऊन टास्क लांबवण्याची सोय घेतली की २०० ते २५० मिळतात. व्हिपसाठी हे पॉइंट्स सगळ्यात आधी इथे घाला, कारण पुढचा अबिसल टास्क कधी येईल ते पुन्हा नशिबावरच.

आता ब्रेसलेट. इथे खूप जण उलटं करतात. ओपलचं एक्स्पिडिशस ब्रेसलेट २५ टक्के वेळा एका किलचे दोन मोजून टास्क लवकर संपवतं, म्हणजे तुमचं नुकसान. तुम्हाला टोपाझचं ब्रेसलेट ऑफ स्लॉटर हवं. ते २५ टक्के वेळा किल मोजूच देत नाही आणि ३० वेळा चाललं की तुटतं. एका ब्रेसलेटमागे त्याच टास्कवर ३० डिमन जास्तीचे.