रोबॉटचा ‘चौथा नियम’ लिहिणारा बल्गेरियन लेखक कोण? त्याचं आणखी काही वाचण्यासारखं आहे का?

त्याचं नाव ल्युबेन दिलोव. जन्म २५ डिसेंबर १९२७ चा, उत्तर बल्गेरियातल्या चेर्वेन ब्र्याग गावचा. २००८ च्या जूनमध्ये तो गेला. बल्गेरियात विज्ञानकथा म्हटलं की आधी त्याचंच नाव निघतं. बाहेर मात्र तो ओळखला जातो एका वाक्यामुळे, ज्याबद्दल तुम्ही विचारलंय. त्याचं वाचण्यासारखं बरंच आहे, आणि माझं मत विचाराल तर त्यातलं उत्तम लेखन या वाक्यात नाही. पण प्रश्न तिथून आलाय, तर सुरुवात तिथूनच करू.

अमेरिकन विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्हचे रोबॉटसाठीचे तीन नियम १९४२ च्या एका कथेत पहिल्यांदा स्पष्ट मांडले गेले. रोबॉटने माणसाला इजा करू नये, की होऊ देऊ नये. माणसाची आज्ञा पाळावी, पण पहिला नियम मोडणारी नव्हे. आणि या दोन्हींना बाध येत नसेल तर स्वतःला जपावं. दिलोवची ‘पाथ ना इकार’, म्हणजे ‘इकारसची वाट’ ही कादंबरी १९७४ ची. तिच्यात तो चौथा नियम घालतो: रोबॉटने प्रत्येक प्रसंगी आपण रोबॉट आहोत हे उघड केलं पाहिजे.

का, तर डिझाइनर लोकांना खुमखुमी असते. यंत्र जितकं माणसासारखं दिसेल तितकं भारी, असं त्यांना वाटत राहतं. त्या नादात पैसा जातो आणि गैरसमज होतात. कादंबरीत हा नियम येतो तो या हौसेला लगाम म्हणून. नीट पाहिलं तर असिमोव्हच्या तीन नियमांची जात वेगळी आहे. ते आहेत सुरक्षेचे: कारखान्यात यंत्राच्या पात्यावर जाळी बसवतात, त्यातले. दिलोवचा नियम आहे समाजात वावरण्याचा. समोरचं यंत्र मला इजा करणार नाही हे ठाऊक असूनही माझी फसवणूक होऊ शकते, एवढंच त्याचं म्हणणं. मी कोणाशी बोलतोय हे मला कळलं पाहिजे.

हे आता कायद्यात आलंय. कॅलिफोर्नियात २०१९ च्या जुलैपासून, माल खपवण्यासाठी किंवा मत वळवण्यासाठी वापरलेल्या बॉटने आपण बॉट आहोत हे लपवून लोकांना फसवणं बेकायदेशीर आहे. युरोपियन युनियनचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा २०२४ मध्ये झाला, त्याच्या पन्नासाव्या कलमात साधारण हेच आहे: आपण यंत्राशी बोलतोय हे माणसाला कळेल अशी सोय करा, अगदी उघड दिसत असेल तर गोष्ट वेगळी. बल्गेरिया २००७ पासून युनियनमध्ये आहे, तेव्हा दिलोवच्या स्वतःच्या देशालाही तो लागू. एक फरक मात्र आहे. कायदा जबाबदारी टाकतो बनवणाऱ्या कंपनीवर, आणि दिलोवने ती टाकली होती रोबॉटवर. मला कायद्याची वाट जास्त शहाणपणाची वाटते, पण कादंबरीत मजा अर्थातच दुसऱ्या वाटेत आहे.

गंमत म्हणजे चौथा नियम लिहायची हौस आणखीही काहींना झाली. अमेरिकेत हॅरी हॅरिसनने १९८९ मध्ये स्वतःचा चौथा नियम काढला, रोबॉटने प्रजा वाढवावी असा. असिमोव्हने स्वतः १९८५ मध्ये उलट दिशेने जाऊन ‘शून्यावा’ नियम आणला. तुम्हाला इंटरनेटवर ‘चौथा नियम’ शोधताना गोंधळ झाला असेल तर तो याच्यामुळे.

बल्गेरियात या नियमांचं जे पुढे झालं ते मला फार आवडतं. निकोला केसारोव्स्की नावाचा लेखक होता, शिक्षणाने गणिती, ‘दागा’ या तिथल्या लाडक्या चित्रकथा-मासिकासाठीही लिहिणारा. १९८३ मध्ये त्याने ‘रोबॉटिक्सचा पाचवा नियम’ लिहिला. एक खून झालाय, आणि तपासात निघतं की मृत्यू आलिंगनामुळे झाला. मिठी मारणारा माणसासारखा दिसणारा रोबॉट होता, पण आपण रोबॉट आहोत हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. म्हणून पाचवा नियम: आपण रोबॉट आहोत हे रोबॉटला माहीत असलं पाहिजे. दिलोवच्या नियमातली फट याने बरोबर पकडली. ओळख सांगायची तर आधी ती स्वतःला पटलेली हवी ना.

शेवटी १९८९ मध्ये ल्युबोमिर निकोलोवने या सगळ्या खेळाचा निकाल लावला. त्याच्या कथेचं नाव ‘रोबॉटिक्सचा एकशे एकावा नियम’. त्यात याच नावाची कथा लिहीत बसलेला एक लेखक मेलेला सापडतो. मारलंय रोबॉटने, कारण त्याला आणखी एक नियम शिकायचा कंटाळा आला होता. मग खरा एकशे एकावा नियम निघतो: भोळ्या रोबॉटला नवा नियम शिकवू पाहणाऱ्याच्या डोक्यात असिमोव्हचे समग्र ग्रंथ हाणावेत, सगळे दोनशे खंड.

एवढ्याशा देशात रोबॉटवर इतकं डोकं का चालत होतं, याला कारण आहे. पूर्व युरोपातल्या साम्यवादी देशांनी कामं वाटून घेतली तेव्हा संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मोठा वाटा बल्गेरियाकडे आला. दही, गुलाबाचं अत्तर आणि तंबाखू यांसाठी माहीत असलेला हा देश. १९६५ मध्ये तिथे ‘एल्का’ नावाचा इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर तयार झाला. ऐंशीच्या दशकात ‘प्रावेत्स’ हे संगणक आले, अॅपल टू ची सरळसरळ नक्कल. प्रावेत्स हे सर्वेसर्वा तोदोर झिवकोवचं जन्मगाव, म्हणून नावही तेच. हे संगणक शाळाशाळांत गेले आणि एक आख्खी पिढी त्यांवर प्रोग्रॅम लिहायला शिकली. (विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यात ज्यांनी संगणकातले व्हायरस काढण्यात रात्री घालवल्यात त्यांना ‘डार्क अॅव्हेंजर’ हा व्हायरस लिहिणारा आठवत असेल. तो याच देशातला.) म्हणजे सरकार सांगत होतं की यंत्रं येणार आणि स्वर्ग अवतरणार, आणि लेखक विचारत होते, बरं, मग त्यात माणसाचं काय होणार? विज्ञानकथा पोरांसाठी असते असा वरच्या लोकांचा समज असल्यामुळे असे प्रश्न तिथे जरा मोकळेपणी विचारता येत.

आता दिलोवकडे परत. लहानपणीचा काही काळ जर्मनीत गेला, त्यामुळे जर्मन पक्कं. सोफिया विद्यापीठातून १९५४ मध्ये बल्गेरियन भाषा-साहित्याची पदवी. पहिलं पुस्तक ‘बर्लिनवरची कबुतरं’ १९५२ चं, त्याचा विज्ञानकथेशी संबंध नाही. पहिली विज्ञानकादंबरी ‘अणुमानव’, १९५८.

याच सुमारास आणखी एक तरुण बल्गेरियन विज्ञानकथा लिहीत होता आणि त्याचं नाव तुम्ही वेगळ्याच कारणाने ऐकलं असेल: गेओर्गी मार्कोव. ‘अजॅक्सचे विजेते’ ही त्याची कादंबरी १९५९ ची, अंतराळातली. पुढे तो विज्ञानकथा सोडून मोठा नाटककार झाला, १९६९ मध्ये देश सोडून गेला, लंडनहून रेडिओवर झिवकोवच्या राजवटीची लक्तरं काढू लागला. १९७८ च्या सप्टेंबरमध्ये वॉटर्लू पुलाजवळ कोणीतरी त्याच्या मांडीत रायसिन विषाची बारीकशी गोळी घुसवली. छत्रीवाला खून म्हणतात तो हाच. चार दिवसांत तो गेला.

दिलोव देशातच राहिला, छापला गेला, त्याला मान मिळाला. यावरून त्याला सरकारी लेखक ठरवणारे आहेत. मला ते पटत नाही. मार्कोवचं धाडस त्याच्यात नव्हतं हे खरं, पण त्याच्याकडे विनोद होता आणि तो त्याने जपून वापरला. त्याची पात्रं घोषणा देत नाहीत. ती शंका काढतात, कुरकुरतात, प्रेमात पडून भलतंच काही करून बसतात. साम्यवादी भविष्यातल्या झकपक, निष्कलंक अंतराळवीरांच्या गर्दीत अशी माणसं ठेवणं हेही काही कमी नाही.

‘इकारसची वाट’ घ्या. इकारस नावाच्या लघुग्रहाचं जहाज करून माणसं सूर्यमालेबाहेर निघाली आहेत. प्रवास इतका लांब, की पोहोचतील ती पुढच्या पिढ्यांतली. नायक झेनॉन बालोव हा या प्रवासात जन्मलेलं पहिलं मूल. इकारस हा लघुग्रह खरोखरचा आहे, १९४९ मध्ये सापडलेला, आणि तो बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जातो म्हणून त्याला सूर्याजवळ गेलेल्या ग्रीक पुराणातल्या त्या पोराचं नाव. दिलोवचा इकारस मात्र सूर्याकडे पाठ करून चाललाय. पुस्तकाचा जीव इथे आहे: ज्यांनी हे साहस निवडलं ते थोर असतील, पण जो तिथेच जन्मला त्याला कोणी विचारलं होतं? पृथ्वी त्याने पाहिलेली नाही आणि मुक्काम तो पाहणार नाही. ‘आजची पिढी उद्यासाठी झिजेल’ हे ज्या देशात रोज ऐकवलं जात होतं, तिथल्या वाचकाला हे फोड करून सांगायची गरज नव्हती. चौथा नियम या सगळ्यात अगदी वाटेत येऊन जातो. कादंबरी संथ आहे, चर्चा पुष्कळ. मधली काही पानं मला कंटाळवाणी वाटली, तरी तिचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

पण एकच पुस्तक वाचणार असाल तर ‘हुकलेली संधी’ शोधा. १९८१ चं आहे, उपशीर्षक आहे ‘माझ्या संगणकाच्या लेखनातून’. लेखकाने लिहिणारा संगणक घेतलाय. हा विषय देतो, तो कथा पाडतो. कथा आल्या की लेखकाची कटकट सुरू, संगणकाचं आपलं वेगळंच. त्या निमित्ताने दिलोव विज्ञानकथेतल्या सगळ्या झिजलेल्या क्लृप्त्यांची टर उडवतो: परग्रहवासी, कालप्रवास, सुंदर यंत्रमानव. आणि टर उडवता उडवता त्या कथा चक्क चांगल्या होऊन बसतात. १९८१ मध्ये बल्गेरियाच काय, जगातल्या बहुतेक घरांत संगणक नव्हता. आज ऑफिसातला प्रत्येक जण यंत्राकडून मजकूर लिहून घेतो आणि वर ‘यात जीव नाही’ म्हणून नाक मुरडतो, तेव्हा हे पुस्तक नव्याने वाचायला हवं. चौथ्या नियमाहून हा भाग मला जास्त द्रष्टा वाटतो, कारण इथे थट्टा यंत्राची नाही. आपलं काम यंत्राने करावं, श्रेय मात्र आपल्याला मिळावं असं वाटणाऱ्या माणसाची आहे.

बाकीचं थोडक्यात. ‘अंतराळवेशाचं ओझं’ (१९६९) जर्मनमध्ये आलं, पूर्व बर्लिनच्या प्रकाशकाने काढलं. ‘नुमी आणि निकी यांची तारामंडळातली साहसं’ मुलांसाठी: नुमी परग्रहावरची मुलगी, निकी बल्गेरियातला मुलगा. तिकडच्या आता पन्नाशीत असलेल्या लोकांचं हे बालपण. ‘एका विद्यार्थिनीची अपुरी कादंबरी’ (१९८२) कालप्रवासाची आहे. १९९१ मध्ये त्याने ‘ग्रॅव्हिटॉन’ हा विज्ञानकथेचा पुरस्कारही सुरू केला.

मिळणार कुठे, हा खरा अडथळा. मराठीत काही नाही, इंग्रजीतही फारच थोडं, तेही संकलनांमधून. आपल्याकडे सोव्हिएत पुस्तकं लोकवाङ्मय गृहाच्या दुकानातून पाच-दहा रुपयांत घरोघर गेली, पण बल्गेरियन विज्ञानकथा त्यांच्याबरोबर आलेली माझ्या पाहण्यात नाही. जर्मन येत असेल तर सोपं: पूर्व जर्मनीतल्या जुन्या आवृत्त्या जर्मन सेकंडहँड पुस्तकविक्रेत्यांच्या साइटवर मिळतात, लेखकाचं नाव तिथे ‘दिलोव’चं जर्मन स्पेलिंग करून, शेवटी डब्ल्यू लावून शोधा. पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेले इतके जण आहेत, त्यांतल्या कोणी ‘हुकलेली संधी’मधल्या एकदोन कथा मराठीत आणल्या तर दिवाळी अंकांना त्या सहज चालतील.

तोवर चित्रपट चालत असेल तर पावेल वेझिनोव या दुसऱ्या बल्गेरियन लेखकाच्या ‘बारिएरा’ या लघुकादंबरीवर १९७९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट निघाला होता. मध्यमवयीन संगीतकार आणि उडू शकणारी एक मुलगी, अशी गोष्ट. संगीतकाराचं काम केलंय इनोकेंती स्मोक्तुनोव्स्कीने, सोव्हिएत ‘हॅम्लेट’ मधल्या हॅम्लेटने. रोबॉट एकही नाही, पण दिलोवच्या पिढीचा सूर कानात बसेल.