दोष कोरोनाचा की साखरेचा?

प्रश्न : डॉक्टर, वय ४६, मानेवाड्यात राहतो. एप्रिल २०२१ मध्ये नऊ दिवस ऑक्सिजनवर होतो. तेव्हापासून ताठरता टिकत नाही. मित्र म्हणतो, विषाणू 'तिथं' जाऊन बसतो. खरं का? सध्या चिठ्ठीविना ताठरतेची गोळी आणून घेतो.

उत्तर : मित्राने बातमी अर्धीच वाचली. २०२१ मध्ये मायामीच्या संशोधकांना आजारातून उठलेल्या पुरुषांच्या लिंगाच्या ऊतीत विषाणूचे कण दिसले. पुरुष किती? दोन! त्याच वर्षी इटलीतल्या एका ऑनलाइन पाहणीत कोरोना झालेल्यांपैकी २८ टक्के पुरुषांची ही तक्रार होती, न झालेल्यांत ९ टक्क्यांची. आकडा जगभर फिरला. पण कोरोना झालेले त्यात जेमतेम २५ होते, म्हणजे तक्रारवाले सात. तरी कारण पटण्याजोगं आहे : हा विषाणू रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतो, आणि ताठरता म्हणजे शेवटी रक्ताचाच भरणा.

मला मात्र तुम्ही पत्रात न लिहिलेली गोष्ट खुपते. साखर किती आहे? त्या एप्रिलात नागपुरात खाट मिळायची मारामार होती. ऑक्सिजनवरच्या रुग्णांना स्टिरॉइड दिलं जाई. त्याने जीव वाचले, साखरही चढली; कित्येकांचा मधुमेह तेव्हाच उघडा पडला. मधुमेह मज्जातंतूही पोखरतो आणि धमन्याही. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. बारीक नळी आधी तुंबते, म्हणून ही तक्रार कधी कधी हृदयविकाराची आगाऊ वर्दी असते. आधी साखर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि ईसीजी करून घ्या. गोळी चिठ्ठीविना नकोच. छातीदुखीसाठी नायट्रेट सुरू असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब कोसळतो, जिवावर बेतू शकतं. आणि रस्त्याकडेच्या तंबूतल्या वैद्यबुवांकडे वळू नका. त्यांच्या पुडीत काय असतं ते त्यांनाही ठाऊक असेलच असं नाही.

प्रश्न : वय २८, हिंगणा एमआयडीसीत नोकरी. दिवाळीनंतर लग्न आहे. लसीने मूल होत नाही, असा मेसेज होणाऱ्या सासूबाईंना आलाय.

उत्तर : सासूबाईंना सांगा, निश्चिंत राहा. अमेरिकेत ४५ पुरुषांचं वीर्य लसीआधी आणि लसीनंतर तपासलं. शुक्राणू घटले नाहीत. तिथली लस आपल्यापेक्षा वेगळी होती हे खरं, पण शरीरात वाढणारा विषाणू कोविशिल्डमध्येही नाही नि कोव्हॅक्सिनमध्येही नाही. पुढे बोस्टन विद्यापीठाने दोन हजारांवर जोडपी पाहिली. लसीने फरक पडला नव्हता. पुरुषाला नुकताच कोरोना होऊन गेला असेल, तर मात्र काही काळ गर्भ राहण्याची शक्यता कमी दिसली. त्यामागे तापही असू शकतो. शुक्राणू घडायला सुमारे अडीच महिने लागतात, आणि डेंग्यूचा ताप असला तरी ते मंदावतात.

प्रश्न : वय ३७, नंदनवन. लसीनंतर एकदा पाळी पुढे गेली होती. ते जाऊ द्या, पण लॉकडाऊनमध्ये आम्ही दोन खोल्यांत सहा जण होतो. तेव्हापासून मला इच्छाच होत नाही. हेही कोरोनाचंच का?

उत्तर : ताई, पाळीचं जाऊ देऊ नका. बायका हे सांगत होत्या तेव्हा 'टेन्शनमुळे होतं' म्हणून झटकलं गेलं. लसींच्या मूळ चाचण्यांत पाळीची नोंद नव्हतीच. जानेवारी २०२२ मध्ये जवळपास चार हजार बायकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चक्र सरासरी एका दिवसाहून कमी लांबल्याचं दिसलं. नंतर ते पूर्ववतही झालं.

इच्छेचं कोडं अवघड आहे. २०२० मध्ये अमेरिकेतल्या किन्से इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी १,५५९ प्रौढांना विचारलं, ४३.५ टक्के म्हणाले, लैंगिक आयुष्य खालावलं. पण फॉर्म ऑनलाइन होता. सासू-सासरे पडद्यापलीकडे झोपलेले असताना तो कोण भरणार? सुरुवातीच्या अभ्यासांत 'किती वेळा' हे फार विचारलं गेलं. झोप, भीती, गेलेला पगार हे हळूहळू आलं. तुमच्या बाबतीत विषाणूपेक्षा मला दार नसलेली खोलीच दिसते. तरी हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासा. मनाच्या आजाराची गोळी सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा. आणि 'नको' म्हटल्यावर ते ऐकलं जात नसेल, तर १८१ या हेल्पलाइनवर बोला.

प्रश्न : समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. याच विषयावर प्रबंध करायचाय. नवं काय करू?

उत्तर : गुगल फॉर्म फिरवू नका, तेवढं पुरे झालं. गंगाजमुना या नागपूरच्या वेश्यावस्तीतल्या बायकांना भेटा : टाळेबंदीत निरोध कुठून मिळाले, तपासणी कुठे झाली? एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्या घेणाऱ्यांनाही विचारा, बस बंद असताना मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयापर्यंत कसे पोचलात? नैतिकता समितीची परवानगी मात्र आधी घ्या, आणि कुणाचं नाव लिहून घेऊ नका.