कॅन्कून नंतर, आधी मेक्सिको सिटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनहून आई-बाबांना घेऊन आठवडाभर मेक्सिकोला जायचंय, जो तो कॅन्कून सुचवतोय, तुम्हाला इतिहासाची आवड आहे, पण ‘स्पॅनिशांनी सगळं मोडून टाकलं, मग बघायला उरलंय काय?’

कॅन्कूनचं आधी उरकतो. ते शहर सरकारने १९७०च्या दशकात पर्यटनासाठीच वसवलं. समुद्र देखणा आहे, त्यात वाद नाही. तिथून चिचेन इत्झा हे माया लोकांचं प्राचीन शहर एका दिवसात होतं, पण पिरॅमिडवर चढू देत नाहीत आणि उन्हात चालणं भरपूर. आठवडाच हाताशी असेल तर मी सरळ मेक्सिको सिटी आणि दक्षिणेकडचं वाहाका शहर धरेन.

आता ‘उरलंय काय’. १५२१ साली स्पॅनिशांनी अझ्टेकांची तळ्यातल्या बेटावरची राजधानी तेनोच्तित्लान पाडली आणि तिच्याच दगडांनी वर आपलं शहर, म्हणजे आजचं मेक्सिको सिटी, उभारलं, हे खरंच. पण अझ्टेकांचं मुख्य देऊळ, तेम्प्लो मायोर, एकदाच बांधलेलं नव्हतं. जुन्या देवळावर नव्याचं कवच चढवत ते पिढ्यान्‌पिढ्या वाढवलं होतं. स्पॅनिशांच्या हाती लागलं ते वरचं. आतली जुनी देवळं तळ्यातल्या मऊ जमिनीत खचलेली, म्हणून वाचली. फेब्रुवारी १९७८मध्ये वीज कंपनीचे कामगार रस्ता खणत होते, तेव्हा सव्वातीन मीटर व्यासाची शिळा लागली. तिच्यावर हातपाय तोडलेली कोयोल्शाउकी देवी कोरलेली आहे. मग आसपासच्या इमारती पाडून उत्खनन झालं. आज ते अवशेष शहराच्या ऐन मध्यात, कॅथेड्रलला खेटून आहेत. त्या कॅथेड्रलमध्येही नुसता फेरफटका मारून बाहेर पडू नका. घुमटाखाली एक मोठा ओळंबा टांगलाय, इमारत कशी कलत गेली ते दाखवायला. खाली फरशीवर त्याच्या सरकण्याच्या खुणा आहेत. बाबा इंजिनियर असतील तर तिथेच रमतील.

मोडलं ते दगडांचं. माणसं आहेत की! अझ्टेकांची नाहुआत्ल भाषा आजही १६ लाखांवर लोक बोलतात. मायांचंही तसंच. युकातान, म्हणजे कॅन्कूनकडचा भाग, तिथले माया अवशेष पाहून ‘हे इजिप्तवाल्यांनी बांधलं असणार’ असले तर्क एकोणिसाव्या शतकात बरेच चालत. जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि फ्रेडरिक कॅथरवूड हा इंग्रज चित्रकार १८३९ ते १८४२ या काळात तिथे हिंडले. इथेच राहणाऱ्या लोकांच्या पूर्वजांनी हे उभारलं, असं स्टीफन्सने स्पष्ट लिहिलं. परक्या माणसाने मेक्सिको बघावा तर असा, असं माझं मत.

आपल्याकडचाही एक माणूस तिथे सापडतो. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे, इंग्रजांविरुद्धच्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, मेक्सिकोत चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले, मक्यावर संशोधन केलं. दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने शिक्षण मंत्रालयाच्या जुन्या इमारतीतल्या एका भित्तिचित्रात त्यांना रंगवलंय. इमारत मध्यवर्ती चौकापासून चालत जाण्याजोगी आहे. चित्र वरच्या मजल्यावर, त्यामुळे आईंचे गुडघे कसे आहेत ते बघून ठरवा.

मानववंशशास्त्र संग्रहालयाला अख्खा दिवस द्या. ते सोमवारी बंद असतं, रविवारी स्थानिकांची झुंबड. शहर २,२४० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा बरंच उंच. पहिल्या दिवशी दम लागतो, तेव्हा शहराबाहेरचे तेओतिवाकानचे पिरॅमिड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवा आणि सकाळीच उरका. वाहाकाला मोंते अल्बान हे डोंगरावरचं प्राचीन शहर चुकवू नका. तिथल्या ७ नंबरच्या थडग्यातलं सोनं वाहाका गावातल्या सांतो दोमिंगो मठाच्या संग्रहालयात आहे.

आणि जेवण. आई-बाबा शाकाहारी आहेत म्हणालात. तिथलं मुख्य अन्न मका. त्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून तोर्तिया, म्हणजे पातळ भाकरी, करतात. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही, आणि नुसत्या मक्यावर जगणारे गरीब पेलाग्रा या जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या रोगाने आजारी पडले. घेवड्याच्या उसळीत मात्र अनेकदा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. म्हणून ‘सिन मान्तेका’ म्हणजे चरबी नको, हे पाठ करून ठेवा. भोपळ्याच्या फुलांची किंवा निवडुंगाची केसादिया, म्हणजे सारण भरून दुमडलेली तोर्तिया, बिनधास्त मागवा. फक्त मेक्सिको सिटीत चीज हवं तर ‘कोन केसो’ असं वेगळं सांगावं लागतं, नाहीतर बिनचीजची येते आणि वर तेच आपल्याकडे चमत्कारिक नजरेने बघतात.