मोठ्या माणसांत जिवाणूजन्य मेंदूज्वर वेळेत कसा ओळखायचा, आणि सीटी स्कॅन होईपर्यंत औषध थांबवायचं का?

नाही, थांबवायचं नाही. संशय पक्का वाटला की रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखण्यासाठी, काढायचं आणि लगेच, तासाभराच्या आत, शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. पाठीतलं पाणी तपासणं गरजेचंच आहे, कारण नेमका जंतू त्यातून कळतो. पण झटके आले असतील, शुद्ध फार हरपली असेल किंवा हातापायातली ताकद गेली असेल, तर आधी स्कॅन लागतो. तेवढ्या वेळात पहिला डोस शरीरात गेलेला असला पाहिजे. इथेच सर्वाधिक वेळ वाया जातो, म्हणून हे ठासून सांगतोय.

ताप, मान आखडणं आणि भ्रम ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसतीलच असं नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत ती तिन्ही एकत्र नसतात. डोकेदुखी धरून या चारपैकी दोन असली, तरी तातडीने दवाखाना गाठा. वयस्कर माणूस कधी नुसता गुंगीत असतो, नातेवाइकांना वाटतं अशक्तपणा आहे. अंगावर लालजांभळे ठिपके दिसले तर काचेचा पेला दाबून पाहा. ठिपके पुसट झाले नाहीत तर क्षणभरही थांबू नका. मात्र ठिपके नाहीत म्हणून निर्धास्तही राहू नका.

सुरुवातीला सहसा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि व्हॅन्कोमायसिन ही अँटिबायोटिक देतात. पन्नाशीपुढे लिस्टेरिया या जंतूसाठी अँपिसिलिनही जोडतात. डेक्सामेथासोन हे सूज कमी करणारं स्टिरॉइड अँटिबायोटिकच्या पहिल्या डोससोबत किंवा जरा आधी द्यावं लागतं. न्यूमोकोकस या जंतूमुळे झालेल्या आजारात त्याने जीव वाचण्याची शक्यता वाढते, बहिरेपणाही टळू शकतो. बरं झाल्यावर कानांची तपासणी करायला विसरू नका.