कोर्सवर्कची आखणी उलटीकडून कर

प्रिय मित्रा,

शिक्षणशास्त्रात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला की आधी कोर्सची यादी हाती पडते. बहुतेकजण वेळापत्रकात बसेल ते घेतात. तू शेवटाकडून सुरुवात कर. प्रबंधासाठी कोणाकडून, कोणती माहिती घ्यावी लागेल, हे एका वाक्यात लिही. पुढे ते बदलेलच, पण संशोधनपद्धतीचे कोर्स त्यावरूनच ठरतात.

समज, १० वर्गांत नवी वाचनपद्धत आणि १० वर्गांत जुनी, प्रत्येक वर्गात ३० मुलं. एकूण ६०० झाली, पण एकाच वर्गातल्या मुलांचे गुण एकमेकांशी जुळतात. वर्गांतर्गत सहसंबंध, म्हणजे या जुळण्याचं माप, ०.२ धरला, तर ६००ला १ + (२९ × ०.२) म्हणजे ६.८ने भागावं लागतं आणि हाती उरते जेमतेम ८८ मुलांइतकी माहिती. दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणाऱ्या साध्या टी-टेस्टला याचा पत्ताच नसतो. नसलेला फरकही ती सहज 'सार्थ', म्हणजे निव्वळ योगायोगाचा नसलेला, ठरवते. म्हणून तुला बहुस्तरीय विश्लेषण, म्हणजे मूल आणि वर्ग हे दोन्ही स्तर एकत्र धरणारी पद्धत, शिकावं लागेल. त्याआधी प्रतिगमन (रिग्रेशन), त्याआधी मूलभूत सांख्यिकी. म्हणजे तीन सत्रं सरळ गेली. त्यातला एखादा कोर्स वर्षाआड होत असेल, तर एक सत्र चुकणं म्हणजे दोन वर्षं जाणं. पुढच्या दोन वर्षांत काय केव्हा शिकवणार, हे विभागात आधी विचारून घे.

मुलाखतींवर काम करणार असशील, तर गुणात्मक विश्लेषणाचा कोर्स फार लवकर घेऊ नकोस. हाताशी स्वतःच्या दोन-तीन मुलाखती हव्यात, नाहीतर कोडिंग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना अर्थाची लेबलं देणं, नुसतं पाठ होतं. तासाभराचं रेकॉर्डिंग हातानं उतरवायला चार ते सहा तास लागतात, तेही हिशेबात धर.

मुलांवर संशोधन म्हटलं की नैतिकता समितीची मंजुरी, शाळेची परवानगी, पालकांची लेखी संमती आणि शिवाय मुलाचा स्वतःचा होकार. यातलं एक अडलं आणि शाळेत परीक्षा लागल्या, की अख्खं सत्र हातचं जातं.

आता गाईडबद्दल. भेटीच्या दोन दिवस आधी एक पान पाठव: काय झालं, कुठे अडलं, कोणता निर्णय हवा. 'सर, पुढे काय वाचू?' याला नेमकं उत्तर नसतं. 'हे दोन कोर्स एकाच वेळी आहेत, दुसरा सोडला तर वर्षभर थांबावं लागेल, कोणता घेऊ?' याला असतं. जे ठरलं ते त्याच दिवशी ईमेलनं कळव. त्यांच्याकडे आणखी विद्यार्थी असतात, चार महिन्यांनी 'मी असं म्हणालो होतो?' हा प्रश्न येतोच. ते दीर्घ रजेवर किंवा निवृत्तीला कधी जाणार, हेही विचार. विचारायला अवघड वाटतं, पण मधेच गाईड बदलणं त्याहून अवघड.

टर्म पेपर शक्यतो एकाच प्रश्नाभोवती लिही: एकात पूर्वसंशोधनाचा आढावा, दुसऱ्यात प्रश्नावलीची चाचणी. तोच मजकूर प्रबंधात वापरण्याबाबत विद्यापीठाचा नियम मात्र आधी वाच. आणि प्रत्येक कोर्सचा अभ्यासक्रम जपून ठेव. विद्यापीठ बदललंस तर क्रेडिटची सूट मागताना पहिल्यांदा तोच मागतात.