जुन्या साबण-पावडरच्या जाहिरातींत बाई नेहमी घरकाम करतानाच का दिसते? तेव्हाच्या बायका खरंच तशाच होत्या का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नव्हत्या. निदान आमच्या उसगावात तरी नव्हत्या.

आमचं किराणा दुकान गोव्यात, फोंडा तालुक्यात, उसगाव-तिस्कला, लोहखनिजाचे ट्रक धावायचे त्या रस्त्यावर. बाबा खाण कंपनीत कारकून. दुकान आई चालवायची. परवाना बाबांच्या नावावर, पण माल मागवण्यापासून उधारी वसूल करण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. ऐंशीच्या दशकात दाराला पत्र्याच्या पाट्या ठोकलेल्या असत आणि जवळजवळ प्रत्येक पाटीवर एक बाई. हातात पुडा, अंगावर कडक इस्त्रीची साडी, नजर नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाकडे. त्याच पाट्यांच्या आत गल्ल्यावर आई बसलेली असायची आणि कंपनीचा सेल्समन दारात येऊन विचारायचा, "शेठ नाहीत का?"

आई म्हणायची, "मालाचं माझ्याशी बोला." तो बोलायचा, ऑर्डरही तिच्याकडूनच घ्यायचा. पण नव्या स्कीमच्या कागदावर सही हवी असली की संध्याकाळी बाबा येईपर्यंत बाकावर बसून राहायचा. एका वर्षी आमच्याकडे त्या कंपनीची पावडर खूप खपली, म्हणून पणजीच्या एका हॉटेलात दुकानदारांच्या मेळाव्यात सत्कार ठेवला. आमंत्रण बाबांना. त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि "वहिनींसाठी" साबणाच्या वड्यांचा एक बॉक्स. आईने तो बॉक्स दुकानात लावून विकला.

पावडर खपली कशी, हे मेळाव्यात कोणी विचारलं नाही. जाहिरातीत शर्टावर शाई सांडते, नाहीतर मुलं चिखलात खेळून येतात. आमच्याकडचे कपडे खनिजाच्या धुळीने लाल व्हायचे. ट्रकवाल्यांच्या, खाणीवर जाणाऱ्यांच्या बायका साबण न्यायला येत तेव्हा आईला विचारूनच नेत. ती सांगायची, धूळ आधी कोरडीच झटका, मग पाणी लावा. डाग राहिलाच तर लिंबू-मीठ चोळून उन्हात टाका. ब्लीचिंग पावडर अजिबात नको, डाग पक्का बसतो. आणि ते बरोबरच आहे, लोहाचा डाग आम्लाने सुटतो, ब्लीचने नाही. कामाच्या कपड्यांना स्वस्त पावडर न्या, महाग पुडा शाळेच्या गणवेशापुरता ठेवा, हेही तीच सांगायची. महाग माल गळ्यात मारला नाही, म्हणून गिऱ्हाईक टिकलं.

जाहिरातवाल्यांना बाईची हुशारी दिसत नव्हती असं मला वाटत नाही. निरमा 1969 साली अहमदाबादेत सुरू झाली, सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त. तिने बाजार खाल्ला, तेव्हा सर्फसाठी लिंटास या जाहिरात कंपनीच्या अलिक पदमसींनी ललिताजी आणली. भाव करणारी, समोरच्याला गप्प करणारी बाई. पण वाक्य काय होतं? "सर्फ की खरीदारी में ही समझदारी है." म्हणजे समजूतदारपणा खरेदीत संपला. ती भूमिका करणाऱ्या कविता चौधरींनी 1989 मध्ये दूरदर्शनवर स्वतः लिहून, स्वतः दिग्दर्शित करून पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची मालिका केली. एवढी कुवत असलेली बाई जाहिरातीला हवी होती ती पुडा उचलायला.

प्रेशर कुकरची ती ओळ तर मला आजही सहन होत नाही, "जो बीवी से करे प्यार, वो प्रेस्टीज से कैसे करे इनकार". नवऱ्याने उदार होऊन बायकोला द्यायची वस्तू! गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा आजही लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर संसारातली मिळकत दोघांची निम्मी-निम्मी. कुकर ज्या पैशाने येतो, त्यातले अर्धे मुळात तिचेच.

बाबा गेल्यावर आमच्याकडे इन्व्हेंटरीची केस झाली, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणारी कोर्टाची केस. वकिलासमोर दादा म्हणाला, "दुकान बाबांचं. आई नुसती गल्ल्यावर बसायची." आई शेजारच्या खुर्चीवर होती. कायद्याने तिचा अर्धा हिस्सा कोणी नाकारू शकत नव्हतं, आणि तो तिला मिळाला. पण दादाचं म्हणणं तेच राहिलं. पाट्यांवर आयुष्यभर पुडा धरलेली बाई बघितली आणि समोरची बाई दिसली नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. त्या पाट्या त्याने पुढे एका कॅफेला सजावटीसाठी विकल्या.

तुमच्या "का"चं उत्तर इतकंच की कंपन्यांना बाई गिऱ्हाईक म्हणून हवी होती, आणि गिऱ्हाईक म्हणून शहरातलं पगारदार कुटुंब त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा मासळी बाजारात बायकाच विकतात, बायकाच पैसे मोजतात. ती बाई मी कुठल्या साबणाच्या पाटीवर कधी पाहिली नाही.

आता हेही खरं की घरात कपडे बायकाच धूत होत्या, माझी आईसुद्धा, दुकान बंद केल्यावर. धुणारी बाई दाखवली हा गुन्हा नाही. जाहिरात मानक परिषदेच्या 2022 च्या नियमांतही तसंच आहे: बाई घरकाम करताना दाखवायला हरकत नाही, ते काम फक्त तिचंच असं सुचवू नये. आणि मी बोलतेय ते साबण-पावडर-कुकरपुरतं, सगळ्या जाहिरातींबद्दल नाही.

तुम्ही या विषयावर काही लिहिणार असाल तर नुसत्या जाहिराती जमवू नका. जुन्या दुकानांच्या उधारीच्या वह्या मागा आणि अक्षर कोणाचं आहे ते बघा. आमच्या वह्या माझ्याकडे आहेत, पहिल्या पानापासून सगळं अक्षर आईचं. दादानेही हव्या तेव्हा येऊन बघाव्यात.