आधी पाय, मग ब्रेक

प्रश्न : तीन वर्षं साध्या सपाट पेडलवर माउंटन बाइक चालवली. महिन्यापूर्वी क्लिपलेस पेडलं बसवली आणि तेव्हापासून चार वेळा पडलो. उतारावर एकदाही नाही, चारही वेळा थांबताना, उभ्याउभ्या! वय ४६. जुनी पेडलं परत लावू का? आणि बूट त्यात चक्क अडकत असताना त्यांना ‘क्लिपलेस’ का म्हणतात?

उत्तर : सोपं आधी. ‘क्लिप’ म्हणजे पूर्वी पेडलवर असायचा तो पट्ट्याचा पिंजरा. तो गेला, म्हणून क्लिपलेस. १९८५ साली फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोनं अशाच पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. माउंटन बाइकवाल्यांसाठी शिमानो कंपनीनं १९९० मध्ये एसपीडी ही पेडलं आणली. त्यांची क्लीट, म्हणजे बुटाखाली बसवलेला, पेडलमध्ये अडकणारा तुकडा, छोटी आणि बुटाच्या तळात दबलेली, त्यामुळे सायकल ढकलत चालता येतं. आणि आपल्याला ढकलावी लागतेच.

आता पडण्याचं. उभ्याउभ्या पडलात म्हणजे रीतसर पडलात. मी पहिल्यांदा पडले ती एका फाटकापाशी, सगळा गट थांबून बघत असताना. ऐटीत ब्रेक दाबला, पाय वर ओढला, तो आलाच नाही. मग कापलेल्या झाडासारखी सावकाश उजव्या कोपरावर. पडतानाही मी पाय वरच ओढत होते!

खोट तिथंच आहे. सपाट पेडलवरून पाय उचलायचा असतो, इथं टाच बाहेर फिरवायची असते. तोल जाताना डोकं जुनीच सवय काढतं, म्हणून नवी सवय त्याच्याआधी कामाला लागली पाहिजे. थांबायचं ठरलं की आधी पाय सोडवा, ब्रेक नंतर. चाक फिरत असतानाच. भिंतीला टेकून प्रत्येक पाय पन्नासेक वेळा अडकवा-सोडवा, मग गवतावर हळू चालवत तेच करा. कंटाळा येईपर्यंत करा, कंटाळा आला की समजा जमलं.

दुसरा सापळा असा, की डावा पाय सोडवावा आणि सायकलनं उजवीकडे कलावं. थांबता थांबता हँडल किंचित उजवीकडे वळवलं, की तोल डावीकडे येतो. करून बघा, गंमत वाटेल.

पेडलवर ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, बहुतेक एसपीडींना ३ मिमीची ॲलन की लागते. दोन्ही बाजूंनी पाय अडकणारी पेडलं असतील, तर जोडीला असे चार स्क्रू. चारही सारखेच सैल करा. एक विसरलात तर नेमकी तीच बाजू पायाखाली येते. शिमानोचीच क्लीट असेल तर तिच्यावरचा आकडाही बघा. एसएच ५१ टाच बाजूला फिरवूनच सुटते, एसएच ५६ इतर दिशांनाही सुटते. शिकताना ५६ बरी. मात्र पाय जोरात वर ओढला तर तीही नको तेव्हा सुटू शकते.

क्लीटचे दोन बोल्ट दर काही दिवसांनी तपासा. माझा एक कधी गळून पडला ते कळलंच नाही. टाच फिरवली तर क्लीट एका बोल्टवर गरगर फिरली, पाय मोकळा होईना. शेवटी बुटाचे पट्टे सोडून पाय बाहेर काढला. बूट पेडलवर लटकतोय आणि मी मोज्यावर उभी!

जुनी पेडलं टाकू नका. खडकाळ चढावर, जिथं दर दहा हातांवर पाय टेकावा लागतो, तिथं मी अजूनही तीच लावते. कुणी हसलं तर हसू द्या. पण बदलायचीच असतील तर महिनाभरानंतर, आणि तोवर ओळखीच्या सोप्या वाटेवरच चालवा. हो, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. काढताना पाना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवा.